चिंचेवरची सोनेरी वटवाघळं बघायला रॉड्रिग्जला गेले, त्याचा अनुभव

आमच्या शेताच्या कडेला ओढ्यावर एक जुनी चिंच आहे, तिच्यावर वटवाघळं लोंबकळलेली मी कळायला लागल्यापासून बघतेय. संध्याकाळी एकेक सुटायचं आणि डाळिंबाच्या बागेवरून जायचं तेव्हा अप्पा म्हणायचे, बघ निघाली पाहुणी. त्यामुळं हिंदी महासागरात रॉड्रिग्ज नावाच्या बेटावर सोनेरी वटवाघळं आहेत आणि ती एकेकाळी संपत आली होती हे वाचलं तेव्हापासून डोक्यात बसलं होतं की एकदा जायचंच. तीन वर्षं पैसे साठवले. आई म्हणाली, "अगं वाघळं बघायला एवढ्या लांब जायलीस होय, इथं काय कमी हायत का?" मी म्हटलं आई, ती तिथं सोडून जगात कुठल्याच रानात नाहीत.

पासपोर्टचं काम सोलापुरातच पोस्टातल्या केंद्रात झालं. मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, ऑनलाईन फॉर्म भरायचा, परतीचं तिकीट आणि राहायचं बुकिंग जवळ ठेवायचं, झालं. माझा घोळ झाला तो वेगळाच. रॉड्रिग्ज मॉरिशस देशातच असलं तरी मुख्य बेटापासून जवळपास ६०० किलोमीटर पूर्वेला आहे, तिथं जायला वेगळं छोटं पंख्याचं विमान, दीड तासाचं, आणि ज्या एजंटकडून तिकिटं काढली त्याने रॉड्रिग्जहून परतायची तारीख मुंबईचं विमान सुटल्यानंतरच्या दिवसाची घातली होती! निघायच्या आठवडाभर आधी रात्री कागद चाळताना ते दिसलं आणि पोटात गोळाच आला. बदलून घेतलं पण वरचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून सांगते, तारखा स्वतः वहीत मांडून बघा आणि परतताना मॉरिशसमध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, तिथून विमान. आईने डाळिंबं भरली होती ती मी मुंबईत मावशीकडंच काढून ठेवली, कारण बेटावर बाहेरची फळं, बिया, रोपं नेऊ नयेत, एक कीड गेली की तिथल्या झाडांची वाट लागते. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र फॉर्मवर लिहून नेली, अधिकाऱ्याने पुडी उघडून वास घेतला आणि जाऊ दिलं.

मॉरिशसमध्ये एक रात्र एका मराठी घरी राहिले. त्यांचे पणजोबा कोकणातून गेलेले. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते बरं का. घरातल्या आजी वटवाघळाचं नाव काढताच चिडल्या, "सोसुरी" म्हणतात त्याला तिथल्या क्रिओल बोलीत, लिची आणि आंबा खाऊन टाकतात म्हणून. मॉरिशसच्या मुख्य बेटावरची जात वेगळी, काळपट, तीसुद्धा धोक्यातलीच, तरी २०१५ मध्ये सरकारने फळबागांसाठी तीस हजारांहून जास्त मारली, नंतर परत मारली. मला आजींचा राग आला नाही, डाळिंबाच्या घरातली आहे मी, तोडणीच्या तोंडावर माल गेला की काय होतं ते माहितीय. पण आम्ही बागेवर जाळी टाकतो आणि जाळीनं काम भागतं, हे मी त्यांना बराच वेळ सांगत बसले.

रॉड्रिग्ज जेमतेम १०८ चौरस किलोमीटर, सगळा डोंगरउतार, आणि मूळचं जंगल माणसानं तोडून जवळजवळ संपवलेलं. इथंच खरी गोष्ट आहे. चक्रीवादळ काही नवीन नाही तिथं, पण जंगल दाट होतं तेव्हा वाघळांना आडोसा होता, झाडं गेल्यावर वारं थेट अंगावर, फळं झडून उपासमार, काही तर समुद्रात वाहून जायची. १९७६ मध्ये प्राणी वाचवण्यासाठी झटणारे ब्रिटिश लेखक जेराल्ड ड्युरेल यांनी थोडी पकडून इंग्लंड-फ्रान्समधल्या जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात नेऊन वाढवायला घेतली, आणि १९७९ च्या वादळानंतर रानात सत्तरच्या आसपास उरली. सत्तर! आमच्या एका चिंचेवर त्याहून जास्त असतात. आणि मादी वर्षाला एकच पिल्लू देते. मग झाडं लावली, उरलेली जपली, शाळेतल्या पोरांना शिकवलं, गावातलीच माणसं संध्याकाळी उभी राहून मोजायला लागली, आणि २०१६ पर्यंत वीस हजारांच्या वर गेली. जर्सीतली परत सोडायची वेळसुद्धा आली नाही.

आमची गाईड विशीतली पोरगी होती. सकाळी ग्राँद मोंतान्यच्या राखीव जंगलात नेलं, तिथं बेटावरची मूळ झाडं परत लावलीत, आणि दुपारी उशिरा कास्काद पिजनच्या दरीवर. आवाज आधी आला, किचकिच भांडणाचा. मग समोरच्या झाडावर दुर्बीण लावली. अंगावर दाट केस, मानेपाशी पिकलेल्या चिंचेच्या गराचा रंग, पंख असे लपेटून घेतलेले जसा थंडीत आजीचा पदर. एकीनं पंख थोडा उघडला तर आत पिल्लू छातीला चिकटलेलं, ती त्याचं डोकं चाटत होती, मग अंगठ्याच्या नखानं फांदीला धरून दोन पावलं सरकली, उन्हातून सावलीत. मी दुर्बीण खाली ठेवूच शकले नाही.

पायवाटेवर त्या पोरीनं एक वाळका गोळा उचलून माझ्या हातावर ठेवला. चिंचेचा चोथा. रस चोखून घेतात आणि असा दाबून थुंकतात, बोटानं मोडला तर शिरा निघाल्या, अगदी आमच्या ओढ्याकाठी पडतात तसाच. मला तिथं रडू आलं. लहानपणी अप्पांनी मला सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक पक्षी दाखवला होता, गवतातून मान वर काढून उभा असलेला, आता मी शिकवते त्या शाळेतल्या पोरांना घेऊन जाते तर काळवीट बघून परत येतो आम्ही. आणि इथं सत्तर उरलेलं जनावर डोळ्यासमोर हजारांनी उडायला लागलं होतं, अजून ऊन होतं तरी.

आपल्याकडं तर १९७२ च्या कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी म्हणून टाकलेली होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. शाळेत हे सांगितलं तर पोरांना खरंच वाटेना.

परतल्यावर शाळेतली अकरा पोरं घेऊन चिंचेखाली बसले, वही-पेन घेऊन, रॉड्रिग्जची माणसं करतात तसंच. पहिल्या रविवारी २१२ मोजली, मग अंधार झाला, मी वही मिटली तर पाचवीतली एक म्हणाली, "मॅडम थांबा की, अजून निघायलीत, पंखांचा आवाज येतोय."