१५८४ ± ४ ± ७६

नोव्हेंबर २०१० मध्ये सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये शिशाच्या केंद्रकांच्या टकरी पहिल्यांदा घडवण्यात आल्या आणि काही दिवसांतच ॲलिस प्रयोगाने आपला पहिला आकडा प्रसिद्ध केला : १५८४ ± ४ ± ७६. न्यूक्लिऑनांच्या, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या, प्रत्येक जोडीमागे २.७६ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असताना, सर्वाधिक समोरासमोर झालेल्या पाच टक्के टकरींमध्ये, झोताला काटकोनात असलेल्या ठरावीक पट्ट्यात सरासरी इतके विद्युतभारित कण बाहेर पडतात, असे तो आकडा सांगतो. मी अनेक वर्षे याच प्रकारची मोजणी करत आले आहे, आणि या आकड्यातला सर्वांत बोलका भाग कोणता असे कोणी विचारले, तर माझे बोट शेवटच्या ७६ वर जाते.

मधला ४ ही सांख्यिकीय अनिश्चितता आहे. ती काही हजार टकरींची सरासरी काढल्यामुळे उरलेली आहे. टकरी चौपट जमवल्या की ती निम्मी होते, आणि त्यासाठी यंत्र चालू ठेवण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. ७६ ही प्रणालीगत अनिश्चितता आहे. कितीही टकरी जमवल्या तरी ती आपोआप हलत नाही, कारण आपण काय मोजले, काय मोजायचे राहिले आणि जे मोजले ते खरोखर मोजण्याजोगे होते का, याविषयीच्या आपल्या खात्रीची ती मर्यादा आहे. पुढचे सारे लिखाण या ७६ विषयी आहे.

आधी पट्टा समजून घेऊ. कण झोताच्या दिशेशी किती कोन करून निघाला हे सांगण्यासाठी आम्ही स्यूडोरॅपिडिटी वापरतो : त्या कोनाच्या निम्म्याचा टॅन्जंट घ्यायचा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम काढायचा आणि चिन्ह उलटे करायचे. ९० अंशांना ही राशी शून्य होते आणि झोताच्या जवळ जावे तशी वाढत जाते. उणे अर्धा ते अधिक अर्धा हा पट्टा सुमारे ६२.५ अंशांपासून ११७.५ अंशांपर्यंत पसरतो. साध्या कोनाऐवजी ही राशी घेण्याचे कारण असे, की टकरीच्या मध्यभागात कण या मापावर जवळजवळ सारख्या दाटीने विखुरलेले दिसतात, त्यामुळे ‘एका एककामागे किती’ हा प्रश्न अर्थपूर्ण ठरतो. १५८४ ही त्या एका एककातली संख्या आहे. सगळ्या दिशांचे कण धरले तर याच टकरींमध्ये विद्युतभारित कणांची संख्या सुमारे १७ हजारांवर जाते.

आता कोणता कण मोजायचा हे ठरवणे आले, आणि इथेच मोजणी अवघड होऊ लागते. टकरीतून लॅम्डा कण निघतो, सरासरी काही सेंटिमीटर जातो आणि प्रोटॉन व पायॉन यांत मोडतो. अल्पजीवी केऑनही तसाच दोन पायॉनांत मोडतो. हे दुय्यम पायॉन टकरीत जन्मलेल्या पायॉनांसारखेच दिसतात, परंतु त्यांना मोजले तर एकाच कणाचे दोन होतात. म्हणून व्याख्या अशी केली जाते, की टकरीत थेट निर्माण झालेले आणि अतिशय अल्पायुषी कणांच्या विघटनातून आलेले कण प्राथमिक, तर लॅम्डा किंवा केऑन यांसारख्या, ‘विचित्र’ (स्ट्रेंज) क्वार्क असलेल्या म्हणून विचित्र म्हटल्या जाणाऱ्या कणांच्या मंद विघटनातून आलेले कण दुय्यम. ही व्याख्या कागदावर स्वच्छ आहे. परंतु ॲलिसच्या सर्वांत आतल्या शोधकाचा, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणाचा, पहिला थर त्या वेळी झोतापासून ३.९ सेंटिमीटरवर होता, म्हणजे यांपैकी कितीतरी कण त्या थराला पोहोचण्याआधीच मोडलेले असतात आणि त्यांच्या तुकड्यांवर कोणतीही वेगळी खूण नसते. ते किती असावेत याचा अंदाज संगणकीय अनुकरणातून घ्यावा लागतो, आणि अनुकरणात विचित्र कणांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी असले, तर ते आधी सुधारून घ्यावे लागते. ७६ मधला एक वाटा या सुधारणेचा आहे.

प्रत्यक्ष मोजणी सिलिकॉन पिक्सेलच्या दोन थरांनी केली गेली. एक ३.९ सेंटिमीटरवर, दुसरा ७.६ सेंटिमीटरवर. विद्युतभारित कण दोन्ही थरांतून गेला की दोन ठिपके उमटतात, आणि ते दोन ठिपके टकरीच्या बिंदूशी एका रेषेत असतील तर त्यांची जोडी, म्हणजे ट्रॅकलेट, एक कण मानली जाते. टकर हलकी असेल तर हे काम सरळ आहे. समोरासमोरच्या टकरीत मात्र प्रत्येक थरावर हजारो ठिपके असतात, आणि त्यांतले दोन भलतेच ठिपके केवळ योगायोगाने रेषेत येऊन खोटी जोडी जमते. दाटी जितकी जास्त, तितक्या खोट्या जोड्या जास्त, आणि नेमक्या त्याच दाट टकरी आम्हाला सर्वाधिक हव्या असतात.

या खोट्या जोड्या वजा करण्याची एक रीत मला पहिल्यांदा समजली तेव्हा इतकी आवडली, की ती मी अजूनही नव्या विद्यार्थ्यांना सर्वांत आधी दाखवते. एका थरावरचे सगळे ठिपके झोताभोवती १८० अंशांनी फिरवायचे. आता पहिल्या आणि दुसऱ्या थरांत खरा संबंध कोणताच उरलेला नाही. त्यानंतरही ज्या जोड्या जमतात त्या सगळ्या योगायोगाच्या. मग दोन्ही ठिपके सरळ रेषेपासून किती ढळले आहेत याचा आलेख काढायचा. खऱ्या माहितीच्या आलेखात शून्यापाशी उंच टोकदार शिखर दिसते आणि पुढे एक लांब, हळूहळू उतरणारी शेपटी. फिरवलेल्या माहितीच्या आलेखात शिखर नसते, नुसती शेपटी असते. दोन्ही शेपट्या एकमेकींवर बसवायच्या आणि शिखराखालून जेवढी शेपटी जाते तेवढी वजा करायची. त्या जुळवणीकडे पाहत मी तासन्‌तास घालवलेले आहेत. शेपटी कुठून सुरू झाली असे मानायचे, हा निर्णय माणसाचा असतो. ती रेघ थोडी इकडे घेतली की उत्तर थोडे बदलते, थोडी तिकडे घेतली की पुन्हा बदलते, आणि तो बदल प्रामाणिकपणे नोंदवून अनिश्चिततेत मिळवावा लागतो. ठिपके फिरवण्याऐवजी अनुकरणातून खोट्या जोड्यांचा अंदाज घेता येतो किंवा माहितीत कृत्रिम ठिपके टाकूनही पाहता येते. या रीती एकमेकींशी जितक्या जुळतात, तितकाच त्यांच्यावर विश्वास ठेवायचा.

या कामात झालेली माझी एक चूक इथे सांगितलीच पाहिजे. एका वर्षीच्या माहितीवर काम करताना, काही दिवसांच्या नोंदींमध्ये कणांची सरासरी संख्या इतर दिवसांपेक्षा किंचित पण निश्चित कमी येत होती. मी आधी खोट्या जोड्यांच्या वजाबाकीवर संशय घेतला, मग टकरींच्या वर्गवारीवर, आणि सुमारे तीन आठवडे त्याच दोन गोष्टी उलटसुलट तपासत राहिले. शेवटी झोताभोवतीच्या कोनानुसार ट्रॅकलेट मांडले तेव्हा एका जागी अरुंद खाच दिसली. शोधकाचा एक छोटा भाग नोंदी चालू असतानाच बंद पडला होता, आणि माझ्या अनुकरणात मात्र तो सगळ्या दिवसांसाठी चालू धरलेला होता. तेव्हापासून कोणतीही सरासरी काढण्याआधी मी शोधकाचा नकाशा काढते, प्रत्येक दिवसाचा वेगळा.

मोजायचे राहून गेलेल्या कणांचाही हिशेब द्यावा लागतो. सुमारे ५० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी आडवा (झोताला काटकोनातला) संवेग असलेले कण एक तर मधल्या पदार्थात थांबतात, नाही तर अर्ध्या टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात इतके वळतात, की त्यांचे ठिपके जोडीच्या अटीत बसत नाहीत. त्यांची संख्या शून्य संवेगापर्यंत वाढवून घ्यावी लागते. हा भाग मोठा नाही, म्हणून त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

‘सर्वाधिक समोरासमोर झालेल्या पाच टक्के टकरी’ हे शब्द मात्र अधिक जागा मागतात. शिशाच्या केंद्रकाची त्रिज्या साडेसहा फेमटोमीटरच्या आसपास असते. दोन केंद्रकांच्या मध्यांमधले अंतर त्याहून सूक्ष्म मापाने ठरवायचे, आणि ते अंतर कोणत्याही उपकरणाला थेट दिसत नाही. म्हणून झोताच्या जवळ दोन्ही बाजूंना बसवलेल्या सिंटिलेटर शोधकांत, म्हणजे कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या शोधकांत, एकूण किती संकेत आला हे पाहिले जाते : संकेत मोठा, तर टकर अधिक समोरासमोरची. सगळ्या टकरी या संकेतानुसार उतरत्या क्रमाने लावायच्या आणि वरच्या पाच टक्के घ्यायच्या. परंतु पाच टक्के कशाच्या? शंभर टक्के कुठे संपतात हे माहीत असल्याशिवाय पाच टक्क्यांना अर्थ नाही, आणि नेमके ते टोकच सर्वांत मलीन असते. तिथे केंद्रके एकमेकांना निसटती भेटतात, शोधकाची नोंद कधी होते कधी होत नाही, आणि शिशाच्या केंद्रकांभोवतीच्या प्रबळ विद्युतक्षेत्रामुळे घडणाऱ्या, केंद्रकीय टकरीशी संबंध नसलेल्या प्रक्रिया त्यात मिसळतात.

यावर उपाय म्हणून रॉय ग्लाउबर यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रारूप वापरले जाते. केंद्रकातले न्यूक्लिऑन त्यांच्या माहीत असलेल्या घनतेनुसार यदृच्छेने ठेवायचे, दोन केंद्रके एकमेकांवर सोडायची आणि कोणते न्यूक्लिऑन कोणाला धडकले ते मोजायचे; मग या संख्येवरून सिंटिलेटरमधला संकेत कसा दिसेल ते काढून प्रत्यक्ष वितरणाशी जुळवायचे. जुळणी जिथपर्यंत विश्वासार्ह असते तिथे, साधारण नव्वद टक्क्यांच्या बिंदूला, खुंटी ठोकली जाते आणि उरलेले मलीन टोक बाजूला ठेवले जाते. ही खुंटी थोडी सरकली की सगळे वर्ग सरकतात. याच प्रारूपातून असेही कळते, की वरच्या पाच टक्के टकरींत एकूण ४१६ न्यूक्लिऑनांपैकी सरासरी सुमारे ३८३ टकरीत भाग घेतात. जे भाग घेत नाहीत त्यांतले न्यूट्रॉन सरळ पुढे जातात आणि शंभर मीटरहून दूर ठेवलेल्या कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे ऊर्जा मोजणाऱ्या शोधकात, पकडले जातात, त्यामुळे वर्गवारीची दुसऱ्या अंगाने पडताळणी होते.

या सगळ्यातून गेल्यावर १५८४ चे मोल कळते. भाग घेणाऱ्या न्यूक्लिऑनांच्या प्रत्येक जोडीमागे ८.३ कण पडतात. ब्रुकहेवनच्या आरएचआयसी यंत्रात सोन्याच्या केंद्रकांच्या ०.२ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या टकरींत जे दिसले होते, त्याच्या हे सुमारे २.२ पट, आणि जवळपास सारख्याच ऊर्जेच्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींच्या सुमारे १.९ पट. म्हणजे शिशाची टकर ही अनेक प्रोटॉन-टकरींची नुसती बेरीज नाही. ॲलिसची आखणी झाली तेव्हा एका एककात आठ हजारांपर्यंत कण येतील अशी तयारी ठेवली होती, हे लक्षात घेतले म्हणजे पहिल्याच आठवड्यातल्या या आकड्याने किती सैद्धांतिक अंदाज निकाली काढले असतील याची कल्पना येते.

त्यानंतर थोड्याच काळात त्याच प्रयोगाने सेंट्रॅलिटीनुसार, म्हणजे टकर किती समोरासमोरची होती त्यानुसार, मोजणी केली आणि त्याच पाच टक्क्यांसाठी १६०१ ± ६० हा आकडा दिला. मधली संख्या थोडी वर गेली, अनिश्चितता ७६ वरून ६० वर आली. ती १६ ने कमी झाली ती टकरींची संख्या वाढल्यामुळे नाही. त्याच मोजणीत ७० ते ८० टक्क्यांच्या वर्गात, म्हणजे कडेकडेने झालेल्या टकरींत, ३५ ± २ कण आढळले, जोडीमागे ४.४. समोरासमोरच्या टकरीत जोडीमागे ८.४. आणि माझ्या मते या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढेच आहे : आरएचआयसीचे आकडे सुमारे २.१ ने गुणले, तर सेंट्रॅलिटीनुसार होणारी वाढ जवळजवळ त्याच वळणाने जाते. ऊर्जा दहापटीहून अधिक वाढली, कण दुपटीहून अधिक झाले, पण वळण तेच राहिले. इथे केंद्रकांची भूमिती बोलते आहे, असे मला वाटते, आणि अनिश्चितता इतकी कमी केली नसती तर ते ऐकू आले नसते.

२०१५ मध्ये ऊर्जा ५.०२ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टवर गेली आणि त्याच वर्गासाठी १९४३ ± ५४ ही संख्या मिळाली. मुख्य संख्या वाढली असतानाही मागची संख्या घटली. जुलै २०२५ मध्ये याच यंत्रात ऑक्सिजनच्या केंद्रकांच्या टकरी झाल्या. ऑक्सिजनमध्ये अवघे १६ न्यूक्लिऑन असतात. दोन्ही बाजू मिळून ३२ न्यूक्लिऑनांच्या टकरीत सिंटिलेटरमधला संकेत आणि टकर किती समोरासमोरची होती यांचा संबंध सैल होतो, कारण एखाद-दुसरा न्यूक्लिऑन धडकला किंवा चुकला तरी संकेत बराच हलतो. तिथे दोन थरांतल्या खोट्या जोड्यांची चिंता थोडी आणि ‘पाच टक्के’ या शब्दांची चिंता फार. सध्या माझ्या पडद्यावर त्या हलक्या टकरींच्या संकेताचे वितरण आहे, आणि खुंटी कुठे ठोकायची हे ठरवण्याचे काम चालू आहे.