तिन्हीसांजेचा झाडू

ऐन दिवेलागणीला घरमालकीणबाईंनी झाडू हातात घेतला आणि माझ्या पोटात गोळा आला. तिन्हीसांजेला केर काढला की लक्ष्मी जाते, हे आजीने इतक्यांदा बजावलंय की ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर येऊनही ते अंगातून गेलेलं नाही. बाई निवांत. अंगण झाडलं, बादलीभर पाणी फरशीवर ओतलं, जिन्याखालून चार खुर्च्या ओढून गल्लीत मांडल्या आणि केस मोकळे सोडून विंचरायला बसल्या. म्हणजे आजीचा दुसराही नियम गेला.

आपल्याकडे दिवेलागण म्हणजे पोरांनी हातपाय धुऊन घरात यायची वेळ. इथे ती घराबाहेर पडायची.

ऑगस्टातली दुपार बघितली की कारण कळतं. पांढऱ्या भिंतींवरून ऊन असं उसळतं की डोळे उघडवत नाहीत. तीन ते साडेपाच आवाज करायचा नाही असा नियमच आहे; पुण्याची एक ते चार त्यापुढे लेचीपेची वाटावी. वर मेल्तेमी, हा उन्हाळाभर उत्तरेकडून घोंघावणारा वारा. माझा वाळत घातलेला पंचा दोनदा शेजारच्या गच्चीवरून आणला. सात वाजले तरी ही माणसं त्या वेळेला ‘अपोयेवमा’ म्हणतात, म्हणजे आपला तिसरा प्रहर. संध्याकाळ व्हायची असते अजून.

पाहुण्यांची संध्याकाळ मात्र पोर्ताराला सुरू होते आणि तिथेच संपते. बंदराशेजारच्या टेकाडावर संगमरवराची एक प्रचंड चौकट उभी आहे. फक्त चौकट, मागे भिंत नाही, देऊळ नाही. ख्रिस्तपूर्व 530 च्या सुमारास लिग्डामिस नावाच्या सत्ताधीशाने अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, त्याची सत्ता गेली आणि काम तसंच राहिलं. पुढे व्हेनिसच्या लोकांनी इथले दगड उचलून वरच्या किल्ल्याला वापरले. चौकटीचा एकेक दगड वीसेक टनांचा, म्हणून ती तेवढी वाचली. झोपलेल्या राजकन्या आरियाद्नीला ग्रीक पुराणातला वीर थीसियस याच बेटावर टाकून गेला, अशी कथा आहे. आठच्या सुमारास सूर्य बुडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वन्समोअर मिळणार नाही हे कळल्यावर सगळे मोबाइल खिशात घालून उतरले. खालच्या बांधावर लाटेने आमच्या चपला भिजवल्या.

भूक लागली होती. साडेआठला टॅव्हर्नात, म्हणजे इथल्या खानावळीत शिरलो तर आम्ही दोघंच, मी आणि नवरा. वेटर अजून टेबलांवरच्या कागदांना चिमटे लावत होता. आमच्याकडे त्याने आजाऱ्यांकडे बघावं तसं बघितलं आणि आधी पाव आणून ठेवला. गावातली माणसं दहाला जेवायला येतात. त्याआधी ‘वोल्ता’. वोल्ता म्हणजे फेरफटका, पण शतपावली नव्हे, ती जेवणानंतरची आणि तब्येतीसाठी. हिला असलं काही कारण लागत नाही. इस्त्रीचे कपडे घालून बंदराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, तीच माणसं पुन्हा भेटतात, पुन्हा हसायचं. तिसऱ्या फेरीला एका आजोबांनी आम्हालाही मान हलवली. नवरा तेवढ्यावर खूश.

जेवणानंतर इथे कित्रो देतात, हिरवी, गोड, तरतरीत वासाची दारू. हे फळ कुठलं म्हणून बघायला गेले तर आपलं म्हाळुंगच की! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. दारू मात्र त्याच्या पानांची. हिरवी सगळ्यांत गोड आणि सौम्य, पिवळी कडक. मी हिरवीवर थांबले, आजीला निदान इतपत तरी तोंड दाखवता यावं.

15 ऑगस्टला डोंगरातल्या फिलोतीला गेलो. मोबाइलवर सकाळपासून तिरंगे येत होते. इथे हा मरियममातेचा सण, ग्रीसमधला उन्हाळ्यातला सगळ्यांत मोठा. चौकात व्हायोलिन आणि लाऊतो, हे इथलं तंतुवाद्य, वाजत होते, हात धरून रिंगण फिरत होतं. रिंगणात सत्तरीची बाई होती आणि तिच्या शेजारी तिच्या कमरेएवढी नात, दोघींची पावलं एकसारखी. बारा वाजले तरी कुणी पोरांना ‘झोपा आता’ म्हणेना. बाबागाडीतलं एक बाळ टक्क जागं होतं आणि ढोलाकडे बघावं तसं लाऊतोकडे बघत होतं.

परत आलो तेव्हा पाऊण वाजला होता. गल्लीत घरमालकीणबाई त्याच खुर्चीवर, शेजारणी बदललेल्या. मी अपराधी सुरात ‘कालिनिख्ता’ म्हणाले, शुभ रात्री. त्यांनी मान हलवली, ‘कालिस्पेरा’, म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणाल्या आणि रिकाम्या खुर्चीवर थाप मारली.