दावं कापलेल्या गाईंचा पंचनामा

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला आणि परंडा तालुक्यातल्या नदीकाठच्या गोठ्यांची दैना झाली. पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून मी पंचनाम्यांना फिरत होतो. मेलेलं जनावर समोर असलं की काम ठरलेलं असतं. कानातला बिल्ला वाचायचा, फोटो काढायचे, शवविच्छेदन करायचं. श्वासनलिकेत फेस आणि फुफ्फुसात पाणी सापडलं की बुडून मृत्यू. मग पंचांच्या सह्या.

एका वस्तीवर मात्र गाडं अडलं. गोठ्यात चार संकरित गाई होत्या. दोन खुंट्यालाच फुगून पडल्या होत्या. उरलेल्या दोन खुंट्यांना हातभर दावं लोंबत होतं, टोक सरळ कापलेलं.

"पोरानं दोघींची दावी इळ्यानं कापली, डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "बाकीच्या दोघींपतुर जाईस्तोवर पाणी छातीला लागलं."

आमच्यातलाच एकजण म्हणाला, "सोडल्यात ना? मग असतील कुठंतरी जिवंत. मेल्याचा पुरावा काय?" त्याचंही खरं होतं. पैसा सरकारी आहे आणि खोटे दावे येतातच. पण पाणी चढलं की जनावरं मोकळी सोडा, हे गावोगाव आम्हीच सांगतो. त्या पोरानं जीव धोक्यात घालून तेच केलं. बांधलेली गाय मेली तर मदत आणि सोडलेली वाहून गेली तर काहीच नाही, असा निकाल मला मान्य नव्हता.

मग तिथेच बसून पुरावा जमवला. बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक भारत पशुधन प्रणालीत, म्हणजे जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, सापडतो. वाहून गेलेल्या दोघींपैकी एक गाय मावशींच्याच नावावर निघाली, लम्पीच्या लसीच्या नोंदीसह. दुसरी बाजारातून घेतलेली, नोंद अजून जुन्या मालकाच्या नावावर. (हे फार ठिकाणी होतं. विकत घेतलेल्या जनावराची नोंद लगेच आपल्या नावावर करून घ्या.) त्या मालकाला फोन लावला, त्यानं विक्री कबूल केली, तसा जबाब घेतला. डब्यात जपलेल्या दूध संकलनाच्या पावत्या मावशींनी आणून दिल्या. पुराच्या आदल्या दिवसापर्यंत दोन्ही वेळचं दूध, पुढे एकही पावती नाही. शेजाऱ्यांनी गाई वाहून जाताना पाहिल्याचं लिहून दिलं. तेवढ्यात नदीच्या खालच्या अंगाच्या गावातून सहकाऱ्याचा फोन आला. बाभळीत अडकलेल्या एका गाईच्या बिल्ल्याचा क्रमांक त्यानं वाचून दाखवला. तो त्या बाजारातल्या गाईचा होता.

राहिली चौथी. तेव्हाच्या आपत्ती निधीच्या निकषात दुधाळ गाई-म्हशीला 37,500 रुपये मिळत होते, पण एका कुटुंबाला मोठ्या दुधाळ जनावरांपैकी तिनांचेच. अशी गाय बाजारात लाखाच्या घरात जाते, म्हणजे मदत मुळात तोकडीच. "तीनचेच पैसे मिळणार, चौथीचं कशाला लिहिता?" असं मला विचारलं गेलं. मी लिहिलं. नुकसान किती झालं ते कागदावर पूर्ण यायला हवं, पैसे कितीचे द्यायचे ते शासन ठरवेल. जबाब, पावत्या, लसीची नोंद जोडून 'पुरात वाहून गेलेली' असा स्पष्ट उल्लेख केला.

7 ऑक्टोबरला राज्य सरकारनं मदतीचं पॅकेज जाहीर केलं आणि तीन जनावरांची मर्यादा काढून टाकली. चौथ्या गाईचा पंचनामा तयारच होता. मावशींच्या खात्यावर चारही गाईंचे पैसे जमा झाले.