वॉलिंगफर्डची नोंद : तटाच्या आत शहर, तटाबाहेर त्याची गावं

मंडळी, इंग्लंडमधलं वॉलिंगफर्ड शहर आणि आजूबाजूची गावं यांचं जुनं नातं शोधायचं माझं काम आता नकाशावर आकार घ्यायला लागलंय, म्हणून ही नोंद. टेम्सकाठचं हे छोटं शहर आज ऑक्सफर्डशरमध्ये असलं तरी १९७४ पर्यंत बर्कशरचं होतं. नवव्या शतकाच्या अखेरीस डेन लोकांच्या स्वाऱ्या थोपवायला वेसेक्सच्या (दक्षिण इंग्लंडमधल्या राज्याच्या) आल्फ्रेड राजाने तटबंदीची ठाणी उभारली. त्यांपैकी मातीचा तट आजही इतका ठसठशीत दिसतो, अशी ठिकाणं मोजकीच उरली आहेत: वॉलिंगफर्ड, वेरहॅम, क्रिकलेड. वॉलिंगफर्डला तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी.

पश्चिमेकडच्या किनक्रॉफ्ट मैदानातून तट सगळ्यांत छान वाचता येतो. आतल्या बाजूने गवताचा चढ हळूहळू वर जातो. माथ्यावर पोचलं की पलीकडे जमीन एकदम खाली खंदकात उतरते. हल्ला बाहेरून येणार हे धरूनच रचना केलीय, हे तिथे पायांना कळतं. हाय स्ट्रीटच्या उत्तरेला बुलक्रॉफ्ट हे दुसरं मोकळं मैदान. तिथे मध्ययुगात मठ होता. १५२०च्या दशकात आठव्या हेन्री राजाचा मंत्री कार्डिनल वुल्झी याने ऑक्सफर्डमधल्या आपल्या कॉलेजच्या खर्चासाठी तो बंद केला. ही दोन्ही मैदानं घरांनी भरून गेली नाहीत, हे आपल्यासारख्यांचं मोठं नशीब.

आता हिशेब. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका यादीत प्रत्येक ठाण्याच्या वाट्याला किती हाइड जमीन लावली ते दिलंय. एका कुटुंबाचं भागेल एवढी जमीन म्हणजे एक हाइड; आकारणी त्यावर व्हायची. नियम असा की तट राखायला एका हाइडमागे एक माणूस, आणि साडेसोळा फूट तटाला चार माणसं. वॉलिंगफर्डला २,४०० हाइड. म्हणजे २,४०० माणसं आणि सुमारे तीन किलोमीटर तट. विंचेस्टरलाही नेमका हाच आकडा आहे, आणि तिथल्या तटाची प्रत्यक्ष लांबी या हिशेबाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. वेसेक्सच्या सगळ्यांत महत्त्वाच्या शहराच्या बरोबरीने हे नदीकाठचं ठाणं धरलं होतं. आणि ही २,४०० माणसं येणार कुठून? आजूबाजूच्या गावांतून. इथूनच माझ्या कामाला दिशा मिळाली.

गेले काही आठवडे मी १०८६ च्या डूम्सडे पाहणीतली (विल्यम राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या मोजदादीतली) वॉलिंगफर्डची नोंद ओळीओळीने उतरवून काढतेय. बर्कशरचा भाग याच शहरापासून सुरू होतो. एडवर्ड राजाच्या वेळी, म्हणजे नॉर्मन विल्यमने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकण्याआधी, इथे २७६ ‘हागा’ होत्या, म्हणजे कुंपण घातलेल्या घरजागा, आणि त्यांचं भाडं ११ पौंड. तिथे राहणाऱ्यांनी राजाच्या कामासाठी घोड्यावरून किंवा नदीतून ब्ल्यूबरी, रेडिंग, सटन कोर्टनी आणि बेन्सनपर्यंत जायचं. किल्ला बांधताना आठ हागा पाडल्या गेल्या, हेही नोंदवलंय. १०६६ मध्ये विल्यमचं सैन्य इथेच टेम्स ओलांडून पलीकडे गेलं होतं, त्यामुळे किल्ल्याची घाई समजते.

पण खरा खजिना पुढच्या यादीत आहे: कुणाच्या किती घरजागा, आणि त्या कुठल्या गावच्या हिशेबात धरल्या. उदाहरणार्थ, विंचेस्टरचा बिशप वॉकेलिन याच्या २७ घरजागा, भाडं २५ शिलिंग, आणि त्यांचं मोल धरलंय जवळच्या ब्राइटवेल गावात! घर तटाच्या आत, हिशेब गावाकडे. असं का, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. एक म्हणजे तट राखायची जबाबदारी गावांवर होती, त्यातून त्यांना आत जागा मिळाल्या. दुसरं, गावच्या धन्याला माल विकायला आणि उतरायला शहरात ठिकाण हवं होतं. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण या जागांचं भाडं येत होतं, आणि नुसत्या पहाऱ्याच्या चौक्यांतून भाडं येत नाही. तरी पहिलं मत मी खोडून टाकलेलं नाही. सुरुवात एका कारणाने झाली आणि पुढे दुसरं चिकटलं, असंही होऊ शकतं.

नकाशावर प्रत्येक गावापासून शहरापर्यंत एकेक रेघ ओढतेय. शहराचा इतिहास वेगळा आणि गावांचा वेगळा, अशा दोन फायली करणाऱ्यांना कळकळीने सांगते, त्या एकत्र करा.

पुढचा काळ थोडक्यात. बाराव्या शतकात गादीसाठी झालेल्या यादवीत हे शहर स्टीफन राजाविरुद्ध लढणाऱ्या सम्राज्ञी मटिल्डाच्या बाजूने ठाम राहिलं. ११४२ च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून निसटून ती इथेच आली. तिचा मुलगा दुसरा हेन्री गादीवर आल्यावर ११५५ मध्ये त्याने शहराला सनद दिली आणि व्यापाऱ्यांना जकातीतून सूट मिळाली. मग उतरण लागली. आधी प्लेगची साथ, आणि १४१६ मध्ये ॲबिंग्डनला पूल झाल्यावर रहदारीच तिकडे वळली. राजा विरुद्ध संसद अशा सतराव्या शतकातल्या यादवीत, १६४६ मध्ये किल्ला संसदेच्या फौजेच्या हाती गेला, १६५२ मध्ये तो पाडून टाकला. शहर वाढलं नाही म्हणून तट टिकला.

दप्तराबद्दल एक उपयोगी गोष्ट: जिल्हा बदलला तरी शहराचे जुने कागद बर्कशरच्या अभिलेखागारात, रेडिंगलाच आहेत. तेराव्या शतकातले रोल, म्हणजे गुंडाळी करून ठेवलेले दस्त, त्यात आहेत. ऑक्सफर्डला हेलपाटा घालू नका.

गाव-शहर नात्याचा आपल्या जिव्हाळ्याचा एक धागा एकोणिसाव्या शतकातलाही सापडला. चिल्टर्नच्या टेकड्यांवर स्टोक रो गावात पाण्याचे हाल होते. जवळच्या इप्स्डेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. त्यांच्याकडून ही हकिगत ऐकून काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी विहिरीचा खर्च उचलला. चार फूट व्यासाची, ३६८ फूट खोल विहीर, सगळी हाताने खणलेली. १८६४ मध्ये ती खुली झाली. पाणी ओढायचं यंत्र वॉलिंगफर्डच्याच वाइल्डर कारखान्यात बनलं. त्यावर सोनेरी हत्ती आहे, वर घुमटाचं छप्पर. विहिरीच्या देखभालीला उत्पन्न हवं म्हणून शेजारी चेरीची बाग लावली होती. देणगीसोबत तिच्या पुढच्या खर्चाची सोय करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

यापुढे ब्राइटवेल आणि बेन्सनच्या डूम्सडे नोंदी घेतेय, म्हणजे रेघांची दुसरी टोकं पक्की होतील. तुमच्यापैकी कुणी विंचेस्टर किंवा ऑक्सफर्डच्या घरजागांची अशीच यादी केली असेल तर कळवा. एकच मालक दोन शहरांत दिसतो का, ते ताडून बघायचंय.