आखडलेला खांदा आणि माझे क्लब

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा आठ दिवसांवर आला होता. पऱ्हाटीवर फवारा मारायचा म्हणून १६ लिटरचा पंप पाठीवर चढवत होतो. डावा पट्टा चढला. उजव्या पट्ट्यात हात घालायला तो मागे न्यावा लागतो, आणि हात मागे गेलाच नाही. दुखत तर होतंच, पण दाराला आतून कडी लागावी तसा खांदा एका जागी येऊन थांबत होता. सालदाराने पट्टा चढवून दिला आणि मी त्या दिवशी सगळी फवारणी उरकली. ती पहिली चूक.

माझं गाव रामटेक तालुक्यात. २४ वर्षं फौजेत काढली. निलगिरीत वेलिंग्टनला पोस्टिंग होतं तेव्हा तिथल्या जिमखान्याच्या मैदानावर पहिल्यांदा गोल्फचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, हातात आला, तो पुढे सुटला नाही. निवृत्तीनंतर गावी धान आणि थोडी पऱ्हाटी करतो, आणि महिन्यातून दोनेक रविवार पहाटे मोटारसायकलला बॅग बांधून कामठीच्या छावणीतल्या मैदानावर जातो. तिथल्या चार तासांत मला जी शांतता मिळते ती दुसरीकडे कुठे मिळत नाही. म्हणून पंप उचलता येत नाही याचं जेवढं वाईट वाटलं, त्याहून जास्त क्लब उचलता येत नाही याचं वाटलं. साठीच्या तोंडावर खेळासाठी जीव तुटतो हे सांगायला माणसं लाजतात, म्हणून मी ते आधीच लिहून टाकतो.

पहिले तीन महिने वाया गेले. एका ठिकाणी हात गळ्यात बांधून दिला आणि अजिबात हलवू नका म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी तेल लावून जोरात ओढून पाहिला; त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. उजव्या कुशीवर वळलं की जाग यायची. सदऱ्याच्या बाहीत हात घालायला सौ.ची मदत लागायची. आणि न हलवल्यामुळे खांदा आणखीच आखडत गेला.

शेवटी नागपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी मला माझा हात वर करायला लावला. मग म्हणाले, आता सैल सोडा, आणि स्वतः उचलून पाहिला. दोन्ही वेळा हात एकाच जागी अडला. स्नायू फाटला असता तर दुसऱ्याने उचलल्यावर हात बहुतेक वर गेला असता. इथे सांध्याभोवतीचं आवरणच आखडलं होतं. फ्रोझन शोल्डर, म्हणजे आपल्याकडे खांदा धरला म्हणतात तेच. चाळिशी ते साठीच्या माणसांत हे जास्त दिसतं, आणि साखर असलेल्यांत त्याहून जास्त. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासली तर ९.२ टक्के निघाली, म्हणजे मधुमेह. मला पत्ताच नव्हता. ज्यांचा खांदा असा विनाकारण धरला असेल त्यांनी आधी साखर तपासावी, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

डॉक्टरांनी दुखण्याचे टप्पे सांगितले: आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणं कमी होतं पण आखडलेलाच राहतो, आणि मग हळूहळू सुटायला लागतो. वर्ष, दोन वर्षं, कधी जास्तही. सांध्यात एक इंजेक्शन दिलं आणि बजावलं की काही दिवस साखर चढेल, मोजत राहा. चढली, मोजली, उतरली.

खरं काम फिजिओथेरपीत होतं. रामटेकला एक तरुण मॅडम आहेत, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचो, बाकी सगळं घरी. टेबलाला डावा हात टेकवून वाकायचं आणि उजवा हात लोंबता सोडून लंबकासारखा हलवायचा. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. जिथे थांबतील तिथे मी पेन्सिलने रेघ आणि तारीख टाकायचो. त्या रेघा अजून पडवीच्या भिंतीवर आहेत, रंग द्यायला मी नको म्हटलं. विहिरीला मोटार बसल्यापासून जुनी कप्पी कोठ्यात पडून होती. ती कडुलिंबाच्या फांदीला टांगली, चऱ्हाट ओवलं, आणि डाव्या हाताने ओढून उजवा वर न्यायचा व्यायाम तिथेच सकाळ-संध्याकाळ केला.

एक व्यायाम मात्र सगळ्यात जड गेला. कोपर कुशीला चिकटवायचं, मध्ये घडी केलेला टॉवेल धरायचा, दोन्ही हातांत एक काठी आडवी घ्यायची आणि डाव्या हाताने ढकलत उजवा पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. या आजारात हीच हालचाल आधी जाते आणि सर्वांत जास्त जाते. पहिल्या दिवशी मॅडमनी माप घेतलं, १५ अंश. काठी घरून आणा म्हणाल्या होत्या. मी खुंटीवरचा सात नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब, काढून नेला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा तो हातात घेतला होता.

"काकाजी, ही काठी कशाची आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कधी गोल्फ पाहिला नव्हता. नुसत्या हातांनी स्विंग, म्हणजे क्लब मागे नेऊन मारायचा फटका, करून दाखवा म्हणाल्या. मी हळूच, जेवढा जमेल तेवढा दाखवला. त्यांनी तीन-चारदा करायला लावला, मागून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग म्हणाल्या, "क्लब मागे वर नेताना तुमचा उजवा दंड बाहेर फिरावा लागतो. नेमकं तेच तुमच्या खांद्याकडे उरलेलं नाही. जे नाही ते त्याच्याकडे मागू नका, कमरेकडे मागा." माझ्या पुढच्या सगळ्या खटाटोपाला दिशा या वाक्याने दिली. (मी उजव्या हाताचा खेळाडू. ज्याचा डावा खांदा धरला आहे त्याची अडचण वेगळी असते. त्याला हात छातीवरून आडवा नेताना त्रास होतो. आपली कोणती हालचाल गेली ते आधी माहीत हवं.)

चार महिन्यांनी माप ४० अंशांवर आलं आणि चिप-पटची, म्हणजे जवळून मारायच्या हलक्या फटक्यांची, परवानगी मिळाली. तोवर मी स्विंग बदलायला घेतला होता. उजव्या पायाचा चवडा बाहेर वळवून उभं राहायचं, मागे जाताना डावी टाच उचलू द्यायची. त्याने कंबर आणि छाती जास्त वळते आणि खांद्यावरचा भार कमी होतो. उजवं कोपर कुशीजवळ ठेवायचं. क्लब छातीच्या उंचीला आला की थांबायचं.

त्या थांबण्याने फार वाईट वाटायचं. पूर्ण स्विंगचा जो आनंद असतो, हात डोक्यामागे जाऊन परत येतानाचा, तो गेला. एका संध्याकाळी तर क्लब विकून टाकावेत असं मनात आलं. त्या दिवसांत मला अमेरिकी गोल्फपटू कॅल्विन पीट आठवला. लहानपणी झाडावरून पडून त्याचं डावं कोपर मोडलं, ते पुढे कधी पूर्ण सरळ झालं नाही. पोरवयात फ्लोरिडात शेतमजुरी केलेला माणूस, तेविसाव्या वर्षी गोल्फ शिकला, आणि १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षं अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, सर्वांत सरळ ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) मारणारा तोच होता. एड फर्गोलचाही डावा हात असाच वाकडा आणि बारीक राहिलेला, आणि त्याने १९५४ ची यूएस ओपन जिंकली. आपण त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण त्यांनी आपल्या हाताला जमेल असा स्विंग घडवला, हे मला धरून ठेवायला पुरेसं होतं.

मग क्लब. माझे सगळे जुने, स्टीलच्या शाफ्टचे, म्हणजे दांड्याचे. नुसता शाफ्टच १२० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅफाइटचा त्याच्या निम्म्या वजनाचाही मिळतो. पन्नास-साठ ग्रॅमने काय होतं असं वाटेल, पण दुखरा खांदा ते वजन टोकाला मोजतो. मुलगा पुण्याला आहे, त्याने कुणाचा तरी वापरलेला, ग्रॅफाइट शाफ्टचा, सीनियर फ्लेक्सचा, म्हणजे जास्त लवचिक दांड्याचा, संच मिळवून दिला. तीन आणि चार नंबरचे आयर्न बॅगेतून काढले, त्यांच्या जागी सात नंबरचा वुड आणि दोन हायब्रिड आले, चेंडू सहज उठवणारे जाड डोक्याचे क्लब. स्विंग आखूड झाला की क्लबचा वेग कमी होतो आणि कमी लॉफ्टच्या, म्हणजे कमी तिरक्या पात्याच्या, क्लबने चेंडू उठतच नाही. सर्वांत लांब मारायचा क्लब, ड्रायव्हर, तोही साडेनऊ अंशांचा देऊन १२ अंशांचा घेतला.

ग्रिप, म्हणजे क्लबच्या मुठी, मात्र मी स्वतः बदलल्या, आणि ते जरा सविस्तर सांगतो, कारण फरक तिथे सर्वांत जास्त पडला. बारीक मूठ घट्ट आवळावी लागते. मूठ आवळली की पंजापासून दंडापर्यंत सगळं ताठ होतं आणि ताण खांद्यात जातो. मूठ जाड असली की हलक्या हाताने धरता येते. जुनी ग्रिप पात्याने उभी चिरून काढली, खालची टेप खरवडली, मग साध्या कागदी टेपचे चार थर दिले. चार थरांनी ग्रिप साधारण एक साइज जाड होते. त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, मग ग्रिपच्या आत आणि टेपवर पेट्रोल ओतून एका दमात ग्रिप सरकवायची. मे महिना होता. पडवीत दुपारी तीनला पहिली ग्रिप घ्यायला बसलो. अर्ध्यावर गेली आणि पेट्रोल उडून गेलं. ग्रिप तिथेच चिकटली. नवीकोरी कापून काढावी लागली. पुढच्या सगळ्या पहाटे पाचला बसवल्या, चुलीपासून लांब, अंगणाच्या टोकाला. आणखी एक: शाफ्ट पकडीत थेट धरू नये, ग्रॅफाइट चिरडतो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून धरावा.

त्याआधी माझ्या डोक्यात बोटांच्या आकाराची मूठ घडवायचं होतं. बरं झालं, नियम वाचले. पटर (चेंडू होलकडे ढकलायचा क्लब) सोडून बाकी क्लबची ग्रिप गोल हवी, हाताच्या आकाराचे खाचखळगे चालत नाहीत. जाडी वाढवायला हरकत नाही. एका सोबत्याने लांब पटर छातीला टेकवून खेळायला सुचवलं होतं. लांब पटर चालतो, पण शरीराला टेकवून स्ट्रोक मारण्यावर २०१६ पासून बंदी आहे. २०२३ च्या नियमावलीत अपंग खेळाडूंसाठी नियम २५ मुख्य नियमांतच आला. अंध, अवयव गमावलेले, चाकाची खुर्ची किंवा कुबडी वापरणारे आणि बौद्धिक अक्षमता असलेले खेळाडू त्यात येतात. माझा खांदा त्यात बसत नाही. पण मला हवं होतं ते सगळं साध्या नियमांतच बसलं, आणि याचा मला मनापासून आनंद आहे, कारण सोबत्यांबरोबर पूर्वीसारखाच खेळ मांडता येतो.

सराव धान निघाल्यावरच्या बांधीत. दोन बांबूंमध्ये हिरवी शेडनेट टांगली. पहिल्याच दिवशी आयर्न वाळलेल्या जमिनीवर आदळला आणि झटका थेट खांद्यात गेला; दोन दिवस हात उचलला नाही. तेव्हापासून काथ्याचं जाड पायपुसणं अंथरतो आणि प्रत्येक चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवूनच मारतो. दिवसाला तीस चेंडू, एकही जास्त नाही. बॅग खांद्यावर घेणं कायमचं बंद. गावातल्या वेल्डिंगवाल्याने पोरांच्या जुन्या सायकलच्या चाकांवर एक गाडी करून दिली, ती डाव्या हाताने ओढतो.

गेल्या डिसेंबरात कामठीला गेलो. नऊच होल खेळायचे असं मॅडमना कबूल केलं होतं. पहिल्या होलच्या सुरुवातीच्या जागेवर हात थरथरत होते. सात नंबरच्या आयर्नने मी पूर्वी १४० यार्ड मारायचो, आता १०५ जातात. पण चेंडू सरळ गेला, आणि मारल्यावर खांद्यात काहीच झालं नाही. मी क्लब तसाच धरून उभा राहिलो. सोबती चला म्हणाले तेव्हा हललो.

आता माप ५५ अंशांवर आहे. पंप अजून सालदारच चढवतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू खुरपं घेऊन आल्या. त्यांचाही उजवा खांदा धरलाय, निंदताना मूठ धरवत नाही. "तुमच्या त्या काठ्यायले केलं तसं याले करून द्या ना, भाऊजी," म्हणाल्या. टेपचे पाच थर दिले, वरून ट्यूब ताणून बसवली. मुठीत धरून पाहिलं, दोनदा जमिनीत चालवून पाहिलं, चांगलं आहे म्हणाल्या. साखर कधी तपासली विचारलं तर कधीच नाही. सोमवारी सकाळच्या बसने रामटेकला जाणार आहोत, त्यांची तपासणी आणि माझं माप एकाच फेरीत.