मापांची वही

खंडेनवमीला शिवणयंत्राला हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, एवढा नियम मी पाळते. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं की झाकण काढायचं, तेल घालायचं, बॉबिन केसखाली साठलेला धाग्यांचा भुगा ब्रशने झाडायचा. दसऱ्यापासून पहिल्या अंघोळीपर्यंत वीसेक दिवस हातात असतात. गणपती उठले की गल्लीतला शिंपी 'आता दिवाळीनंतर' असं सांगून मोकळा होतो. मला ती सोय नाही. घरच्यांना दिवाळीला स्वतः शिवलेलं काहीतरी द्यायचं हा नाद मीच लावून घेतलाय.

बघणाऱ्याला वाटतं, कठीण काम शिवण्याचं. शिवण सरळ मारता येते. हात बसला की टीप आपोआप जाते. खरं कठीण आहे ते माप मिळवणं. भेट द्यायची म्हणजे आधी सांगायचं नाही, आणि न सांगता टेप गळ्यात घालता येत नाही. मोठ्या माणसांना तोंडी विचारलं तर ती हमखास दहा वर्षांपूर्वीचं माप सांगतात. वहिनी अजून लग्नातल्या ब्लाउजचं सांगते. दोरीवरचा शर्ट गुपचूप मोजावा तर तो धुऊन धुऊन गळ्यात सैल आणि लांबीत आटलेला. बरं, आपल्याकडे मिठ्या मारायची पद्धत नाही. वाकून नमस्कार केल्याने पुण्य मिळत असेल, छातीचा घेर कळत नाही.

समोर उभं राहून माप द्यायला कोणी तयार झालंच, तर टेप लागताच ते श्वास रोखून पोट आत घेतं. अशा मापाने शिवलेला कपडा फक्त श्वास रोखूनच घालता येतो. म्हणून चांगला शिंपी माप घेताना गप्पा मारतो. गाव कुठलं, पाऊस कसा झाला, मुलगा काय करतो. माणूस बोलायला लागला की त्याची खरी छाती बाहेर येते. मी बाबांना क्रिकेटवर बोलतं करते. त्यातूनच कळलं की त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे. नोकरीची सगळी वर्षं त्याच खांद्याला शबनम होती. तयार शर्ट त्यांच्या अंगावर एका बाजूला का ओढला जायचा, हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. आम्ही आपले इस्त्रीला दोष देत होतो.

ही सगळी मापं एका जुन्या वहीत आहेत. पत्रिकेतले ग्रह जागचे हलत नाहीत, पण या वहीतले हलतात. बाबांची पूर्ण उंची थोडी कमी झाली आहे, नवऱ्याची कंबर भाजीच्या भावांसारखी एकाच दिशेने गेली आहे, आणि भाच्याच्या नावापुढे तर पेन्सिलनेच लिहिते. त्याचा झब्बा गणपतीत बेतला तर दिवाळीला मनगट बाहेर येतं. लहान मुलांना 'वाढतं माप' घ्यायचं ही आजीची शिकवण. ती जरा जास्तच पाळली गेल्याने माझ्या पिढीच्या फोटोंमध्ये आम्ही सगळी भावंडं एकाच ताग्यातल्या छापील कापडात, बाह्या बोटांपर्यंत ओघळलेल्या, अशी उभी आहोत. मी वाढ खाली दुमडून ठेवते. खालच्या दुमडीत दोन इंच, बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. सुती कापड असेल तर बेतण्याआधी रात्रभर भिजत घालते. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि दोष शिवणारीवर येतो.

घरी शिवून द्यायच्या कपड्यांत माझ्या मते सगळ्यात उत्तम वस्तू म्हणजे परकर. हसतात लोक. दिवाळीची भेट आणि परकर? पण साडी नेसणाऱ्या बाईला विचारा. बाजारातला परकर एक तर टाचेखाली येतो नाहीतर घोट्याच्या वर राहतो, नाडी कमरेला काचते, आणि घेर इतका कंजूस की जिना चढताना तो काय म्हणतो ते शेजाऱ्यांनाही ऐकू यावं. आईचा परकर मी पॉपलिनचा, सहा कळ्यांचा शिवते. नेफा रुंद, नाडी चपटी, गाठ डावीकडे, आणि आतून एक खिसा. त्या खिशात काय असतं हे घरात कोणी विचारत नाही. भाजीवाल्याचे सुट्टे असतात असं ती म्हणते. तो खिसा शिवायला लागल्यापासून माझ्या परकरांना मावशी आणि दोन्ही काकूंकडूनही मागणी आहे.

भाचीला मात्र दरवर्षी खणाचंच हवं असतं. खण गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला. विणला जायचा तो चोळीसाठी, त्यामुळे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बेताचाच. त्यात घेरदार परकर-पोलकं बसवायचं म्हणजे जोड द्यावे लागतात आणि प्रत्येक जोडाला काठाची नक्षी जुळवावी लागते. आत मलमलचं अस्तर न चुकता, कारण खण टोचतो. टोचणारा कपडा मूल फोटोपुरता घालतं आणि फराळाच्या आधी काढून फेकतं. मग तुम्ही कितीही नक्षी जुळवा.

1924 साली गांधीजींना कोणीतरी विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. हाताने टाके घालून बायको दमते हे सिंगरने पाहिलं आणि निव्वळ तिच्यावरच्या प्रेमापोटी यंत्र काढलं, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट गोड आहे. खऱ्या आयझॅक सिंगरने 1851 मध्ये पेटंट घेतलं ते पक्क्या व्यापारी डोक्याने. त्याच्या पाच वर्षं आधी एलियास हाउ यांनी पेटंट घेतलेलं होतं, त्यावरून कोर्टकज्जे झाले आणि सिंगरला हाउंना पैसे मोजावे लागले. प्रेमाचं म्हणाल तर त्याला वेगवेगळ्या स्त्रियांपासून 24 मुलं होती. एवढ्यांची झबली शिवायची तर यंत्र लागणारच. तरी मला वाटतं, गांधीजींनी माणूस चुकीचा निवडला, यंत्र बरोबर निवडलं.

घरी शिवलेलं स्वस्त पडतं, हा मात्र गैरसमज. कापड, अस्तर, बकरम, मॅचिंग सेंटरमधून हुडकलेला धागा, काज करून देणाऱ्याचे पैसे आणि ओव्हरलॉक. एवढ्यात सेलमधले दोन शर्ट येतात. शिवाय अशा भेटीत एक दादागिरी आहे. दुकानातला शर्ट आवडला नाही तर बदलून आणता येतो, निदान कपाटाच्या तळाशी टाकता येतो. बायकोने शिवलेला झब्बा नवऱ्याला पाडव्याच्या ओवाळणीला घालावाच लागतो. म्हणून मी हिशेबाने शिवते. ज्यांच्याशी 'हा रंग मला शोभत नाही' एवढं बोलण्याइतकी सलगी आहे, त्यांनाच. नणंदेचे नवे जावई या यादीत नाहीत. त्यांना पाकीट.

भाऊबीज आटोपली की यंत्रावर झाकण पडेल असं वाटतं, पण तेव्हा दुरुस्त्या सुरू होतात. वहिनी पंजाबी ड्रेस बाजूने उसवून मागते. फराळ जास्त झाला म्हणते, मी वहीत खरं माप लिहून घेते. भावाच्या खिशात फोन मावत नाही. त्याचा फोन दरवर्षी मोठा होतो आणि खिसा मात्र मी जुन्या मापाने लावते, अशी त्याची तक्रार. नवा खिसा त्याच कापडाचा हवा, म्हणून कात्रणं कपाटात जपलेली असतात, आणि कपाटावरून घरात वाद असतो. तुळशीचं लग्न लागेपर्यंत हे असंच चालतं. तोवर आईचा फोन येतो, चौकशी बिकशी काही नाही, थेट: "संक्रांतीला काळं कापड बघून ठेवलंस का गं? नंतर चांगलं मिळत नाही."