तक्रार कोणी केली, ते शोधलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, आठवडी बाजारात, एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा हेच विचारते, "१०९८ वर, त्या मुलांच्या हेल्पलाइनवर, तुमच्याविरुद्ध फोन कोणी केला होता, शोधलं का मग?"

नाही शोधलं. फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत आणि सांगूही नये, नाहीतर खरोखर मार खाणाऱ्या पोरासाठी कोण फोन करेल? अर्थात, हे शहाणपण नंतरचं. त्या रात्री मी भावकीतली अकरा नावं बोटांवर मोजली होती.

तक्रार अशी होती : आमच्या नऊ वर्षांच्या पोराला घरचे चटके देतात, शाळा बुडवून कापूस वेचायला नेतात, उपाशी ठेवतात. चौकशीला एक जण आला, पोराशी बाजूला बसून बोलला, घर पाहून गेला. मग बाल कल्याण समितीपुढं बोलावणं. अध्यक्ष आणि चार सदस्य. पोलीस ठाण्यासारखं तिथं काही नसतं, पण समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. पोरगं घरी राहील की बालगृहात, ते तीच ठरवते. माझे पाय लटपटत होते.

मी एवढंच म्हटलं, अहवाल वाचून दाखवा. त्यात होतं, "घरात धान्य आढळले नाही." चौकशीला आलेल्यानं फक्त चुलीपाशी पाहिलं होतं, ज्वारीची कोठी माजघरात. मी चिडले नाही, कोठीचा फोटो दिला. शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्या कार्डावर त्याचं वजन-उंची होती, तेही दिलं. उपाशी ठेवण्याचा विषय तिथंच मिटला.

चटक्याचा डाग मात्र खरा होता. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. सासूबाईंनी सुईच्या टोकाला बिब्बा टोचून दिव्यावर धरला आणि गळणारं तेल काट्यावर सोडलं. आमच्या वऱ्हाडात हे घरोघरी चालतं. पण तो बिब्बा अंगावर उतला. फोड आले, मग टाच कोळशासारखी काळी. दुसऱ्या दिवशी मी त्याला आरोग्य केंद्रात नेलं होतं. केसपेपरवर तारखेसकट 'बिब्बा' लिहिलेलं होतं. (बिब्बा घालणं म्हणजे काय, ते त्या महिन्यात मला दोन्ही अर्थांनी कळलं.) सासूबाई समितीपुढं उभ्या राहिल्या, "म्याच लावला. काटा रुतला व्हता पोराच्या पायात. माह्याच हातानं झालं."

राहिली शाळा. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याच वावरात होता. सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर घरच्या कामाला हात लावला तर कायदा आड येत नाही, २०१६ च्या दुरुस्तीत तसं आहे. धोक्याचं काम तेवढं नको. फवारणीच्या दिवसांत मी त्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही, उभं करत नाही. पण शाळा उघडल्यावरही चार दिवस मी त्याला नेलं होतं. वेचायला बाया मिळत नव्हत्या, कापूस बोंडातून लोंबत होता. गावात सगळे म्हणाले, ताप होता म्हणून सांग. हजेरीपटावर चार गैरहजेऱ्या होत्याच, आणि पोराला खरं विचारलं असतं तर त्यानं सांगितलंच असतं. मी निवेदनात लिहिलं, "चार दिवस नेले. माझी चूक झाली." निवेदनाची पोच घेतली. लोक म्हणतात, मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. मला वाटतं, त्या एका ओळीमुळंच बाकीचे कागद त्यांनी नीट वाचले.

आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं, तेही विचारून ठेवलं होतं. गरज पडली नाही. पोरगं घरीच राहिलं. तीन महिने हजेरीची झेरॉक्स नेऊन द्या म्हणाले. दर महिन्याला एसटीनं जाऊन दिली.

सासूबाईंनी बिब्ब्याची डबी फेकली नाही. वरच्या फळीवर ठेवली, एवढंच.